वेळेवर उठण्याची शिकवणी

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मला लाभलेले पहिले गुरू जुगार शिकवायचे. अर्थात जुगार हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कोणी चुकून म्हणालाच, तर ते चष्मा काढून त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहत आणि सांगत, की जुगार तुम्ही शेअर बाजारात करता, मी गणित करतो.

मी त्यांची भाडेकरू. त्यांच्या तळघराचे दोन भाग होते. एका भागात मी राहायचे, दुसऱ्यात ब्लॅकजॅकची शिकवणी चालायची आणि मध्ये प्लायवूडची एक भिंत होती. पीएचडी करणाऱ्या मुलीला शांतता हवी म्हणून मी ही खोली घेतली. पहिल्याच शनिवारी सकाळी नऊ वाजता भिंतीपलीकडून आयटीतले चार बाप्ये एका सुरात म्हणू लागले, "बारा, समोर तिर्री, पान घे. बारा, समोर चौकी, थांब." तेव्हा खोलीचं भाडं इतकं कमी का, ते मला कळलं.

काका राज्याच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. काकू त्यांची ओळख करून देताना म्हणायच्या, की ह्यांनी एकतीस वर्षं न्यू जर्सीचे खड्डे मोजले, बुजवले नाहीत. काका यावर काही बोलत नसत. काकूंच्या बोलण्यावर काही न बोलण्याची त्यांना दीर्घ सवय होती. इतर सगळ्या जगावर मात्र ते भरपूर बोलत.

ब्लॅकजॅक हा खेळ तसा सोपा. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीस ओलांडायचे नाहीत. डीलरच्या दोन पानांपैकी एकच आपल्याला दिसतं. ते पान आणि आपली बेरीज पाहून आणखी पान घ्यायचं की थांबायचं, हे कुठल्याशा हुशार लोकांनी फार पूर्वीच हिशोब करून ठरवून ठेवलं आहे. त्याचा एक तक्ता असतो. तो पाठ करायचा आणि तसं खेळायचं, बस. तरीही शेवटी आपण थोडे हरतोच, फक्त इतरांपेक्षा सावकाश. काका हे पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगत. जिंकायला शिकवा म्हणून आलेले निम्मे विद्यार्थी त्याच दिवशी चहा पिऊन निघून जात.

उरलेल्यांतले बरेच तिसऱ्या आठवड्यात जात. कारण तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला काहीतरी वाटू लागे. आपल्याकडच्या इंजिनिअरला कुठलाही तक्ता दिला, की तो पाठ करण्याआधी सुधारायला घेतो. कोणी लॅपटॉपवर स्वतःचा तक्ता बनवून आणायचा, कोणी म्हणायचा काका, मला असं वाटतं की सलग तीनदा हरल्यावर चौथ्यांदा आपलंच पान येणार. 'मला असं वाटतं' एवढे शब्द ऐकले की काका हातातले पत्ते खाली ठेवत. "वाटायचं असेल तर वर जा. काकू चहा करत्येय, तिच्याजवळ बसून वाटून घे." तो माणूस हसत हसत वर जायचा आणि परत खाली यायला त्याला मनाई असायची. काकांना विनोद करता येत नव्हता, हे लोकांच्या उशिरा लक्षात येई.

शेवटी लेखी परीक्षा. शंभर प्रश्न, सगळे काकांच्या सुबक हस्ताक्षरात. शंभरपैकी नव्व्याण्णव म्हणजे नापास. एका कंपनीतला डिरेक्टर, ज्याच्या हाताखाली दीडशे माणसं होती, चार वेळा नापास झाला आणि पाचव्या वेळी भाचीच्या बारशाचं कारण सांगून गळाला. मी भिंतीपलीकडे सहा वर्षं फुकट ऐकत होते. एकदा काकूंनी गंमत म्हणून माझ्यापुढे पेपर ठेवला, तर मला शंभर पडले. काकांनी दोनदा तपासला. मग म्हणाले, "भिंत जाड करायला हवी होती." त्यांच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

पण तक्ता हा त्यांच्या मते निम्माच अभ्यास होता. उरलेला निम्मा म्हणजे उठणं. किती वाजता उठायचं आणि किती हरल्यावर उठायचं, हे घरून ठरवून निघायचं. टेबलावर बसल्यावर ठरवायचं नाही, कारण तिथे बसलेला माणूस घरून निघालेल्या माणसाइतका शहाणा राहत नाही. हे तत्त्व त्यांनी कॅसिनोपुरतं ठेवलं असतं तर काकूंचे बरेच कष्ट वाचले असते. पण काकांनी ते आयुष्याला लावलं. मंडळाच्या दिवाळीला जाताना ते गाडीतच जाहीर करत, आज पावणेनऊ. पावणेनऊला गाणारी बाई अंतऱ्यात असो की भाषण करणारा अध्यक्ष गहिवरलेला असो, पहिल्या रांगेतून काका उठत, शर्ट नीट करत आणि सगळ्यांसमोरून चालू लागत. काकू उठत नसत. त्या कोणाच्या तरी गाडीतून दोन तासांनी येत, आणि सोबत काकांच्या वाटचं जेवण डब्यात घेऊन येत.

आपल्याकडे निरोप ही एक स्वतंत्र बैठक असते. सोफ्यावर झालेल्या गप्पा दारात पुन्हा होतात, मग चपला घालून होतात, मग गाडीच्या काचेतून होतात. काका हे सगळं गाळून टाकत. एका मित्राच्या मुलाच्या लग्नात सगळ्यांना फोटोसाठी उभं केलं होतं, फोटोवाला तीन म्हणणार तेवढ्यात साडेआठ वाजले. त्या फोटोत काकूंच्या शेजारी एक पाठमोरा कोट दिसतो. मित्राने तो फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावला आहे आणि त्यांच्यातलं बोलणं अजून पूर्ववत झालेलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं. मी पाणी गाळणारा एक पडदा बनवत होते. साधारण नखाएवढ्या जाडीचा, रसायनांचा. पहिली चार वर्षं तो गळला. पाचव्या वर्षी एकदा गळला नाही, त्यावर एक पेपर छापून आला, मग सहाव्या वर्षी पुन्हा गळू लागला. माझे गाइड अत्यंत सज्जन. त्यांनी मला सात वर्षांत एकदाही आवाज चढवून काही म्हटलं नाही. दर सेमिस्टरला ते हसून म्हणत, की प्रयोगांचा आणखी एक सेट घेऊ या, मग लिहायला बस. वाईट गाइड असता तर मी तिसऱ्या वर्षी भांडून बाहेर पडले असते. चांगल्या माणसाच्या हाताखाली किती वर्षं जातात याला मात्र मर्यादा नाही.

मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडता येत होतं. माझ्या वर्गातल्या दोघांनी तसं केलं होतं आणि त्यांना नोकऱ्याही लागल्या होत्या. आम्ही बाकीचे त्यांच्याबद्दल दवाखान्यातल्या पेशंटबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलायचो. मी तेहतीस वर्षांची झाले होते आणि मला आयुष्यात काय येतं असं कोणी विचारलं असतं, तर पडदा गळतो हे ओळखता येतं, एवढंच प्रामाणिक उत्तर होतं. सातवं वर्ष लागलं तेव्हा प्रश्न एवढाच होता, की मी तिथून उठते की नाही.

त्या वसंतात एका पहाटे लॅबमधला पंप बंद पडून महिनाभराचं काम वाया गेलं. मी तीन दिवस खोलीबाहेर आले नाही. काकूंनी काकांना फर्मावलं, "हिला तुमच्या त्या देवळात घेऊन जा एकदा. हिचं तोंड बघवत नाही."

देऊळ तासाभरावर, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत होतं. काका सकाळी दहालाच जात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात ऑफिसचे बूट. सकाळी दहाच्या कॅसिनोत ऐश्वर्य वगैरे काही नसतं. व्हॅक्यूम क्लीनर फिरत असतो, वॉकर घेतलेल्या आज्या मशीनची बटणं दाबत असतात आणि कालच्या सिगरेटींचा वास येतो. दारात एका हसऱ्या मुलीने आम्हांला फुकट बुफेची कुपनं दिली. काकांनी ती तिथेच टेबलावर ठेवली. म्हणाले, हे जेवण घालतात ते आपण उठू नये म्हणून. आमचं जेवण गाडीत होतं, काकूंनी दिलेली पोळी आणि दोडक्याची भाजी. साडेबाराला उठायचं, पार्किंगमध्ये बसून जेवायचं आणि घरी जायचं, असं ठरलं होतं.

काका खेळायला बसले की बघण्यासारखं काहीच नसे. शिपाई जसा शिक्के मारतो तसे ते खेळत. पण त्यांची एक चाल मात्र सगळं टेबल बघत बसायचं. आपली बेरीज सोळा आणि डीलरसमोर दश्शी, हा या खेळातला सर्वांत वाईट हात. पान घ्यावं तर बहुतेक एकवीस ओलांडतात, थांबावं तर डीलर बहुतेक जिंकतो. यासाठी एक सोय असते. लावलेल्यातलं अर्धं सोडून द्यायचं, अर्धं परत घ्यायचं आणि त्या हातातून बाहेर पडायचं. तिला सरेंडर म्हणतात. काका पैजेमागे बोटाने एक आडवी रेघ ओढत, अर्ध्या चिप्स उचलत आणि पुढच्या हाताची वाट बघत बसत.

शिकवणीत हा धडा आला की गडबड व्हायची. एरवी सांगेल ते पाठ करणाऱ्या माणसांच्या अंगात चौथीच्या पुस्तकातला मावळा संचारायचा. अर्धं देऊन उठायचं म्हणजे काय काका, न लढताच? काका म्हणायचे, तू लढत नाहीयेस, तू स्टुलावर बसलायस.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मला सोळा आले. डीलरसमोर दश्शी. मी तक्ता झोपेतही म्हणू शकले असते. पण पंप बंद पडल्यावर मला पुन्हा काही अर्धं सोडायचं नव्हतं. मी टेबलावर बोट आपटून पान मागितलं. पंजी आली. एकवीस. डीलरचे वीस होते. शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली, पलीकडच्या बाईने टाळ्या वाजवल्या, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासाठी कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. मी काकांकडे वळले तर ते चिप्स गोळा करत होते. साडेबारा वाजायला दीड तास होता. वेळेआधी उठलेले काका मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

गाडीत त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा तोडला आणि हातातच धरून ठेवला.

"चुकीचं खेळून जिंकलीस," ते म्हणाले. "याहून वाईट काही होऊच शकत नव्हतं."

मी म्हणाले, जिंकले ना पण.

"म्हणूनच. हरली असतीस तर आज शिकली असतीस. आता पुढची दहा वर्षं सोळावर पान मागशील." मग त्यांनी विचारलं, "तुझा तो पेपर कधी छापून आला?"

"पाचव्या वर्षी."

"ती पंजी होती."

मला राग आला, चांगलाच आला. यांना माझ्या कामातलं काय कळतं, असं मी विचारलंदेखील. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की कामातलं काही कळत नाही, पण भिंत दोन्ही बाजूंनी पातळ आहे. "दर रविवारी तू वडिलांना सांगतेस, बाबा आता अगदी शेवटचंच राहिलंय. हे वाक्य मी तीन वर्षं ऐकतोय. एक शब्द बदललेला नाही त्यात."

दोडक्याची भाजी मी त्या दिवसापासून खाल्लेली नाही. पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसरी खोलीही बघून आले. तिथे भिंती जाड होत्या आणि भाडं दुप्पट. रविवारी बाबांचा फोन आला. काम कुठवर आलं, त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. भिंतीपलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. त्या क्षणी मला काकांचा जितका तिरस्कार वाटला तितका गळणाऱ्या पडद्याचाही कधी वाटला नव्हता.

त्याच आठवड्यात गाइड म्हणाले, आणखी एक सेट. मी संध्याकाळी वर गेले. काकू भाजी निवडत होत्या, काका बातम्या बघत होते. मी उठायचं ठरवलंय, असं मी कोणाकडेच न बघता सांगितलं. काकांनी आवाज बंद केला. त्यांनी का, कसं, पुढे काय, यातलं काही विचारलं नाही. दिवस आणि वेळ विचारली. मी मंगळवार, दहा वाजता म्हणाले. माझी गाडी गॅरेजमध्ये होती, तर ते म्हणाले मी सोडतो.

मंगळवारी मी गाइडच्या खोलीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि एक नवी फेलोशिप आल्याचं सांगितलं. वर्षभर शिकवण्याचं काम नाही, उन्हाळ्यात एका कॉन्फरन्सला युरोप, आणि इतकी जवळ येऊन कोणी जातं का. मी त्या खुर्चीत पाच मिनिटं बसून राहिले. खोटं कशाला सांगू, युरोप मला दिसायला लागला होता. पडदा पुन्हा एकदा गळणार नाही असंही मला वाटायला लागलं होतं. वाटायला लागलं, हे लक्षात आलं तशी मी घाबरून उभी राहिले. म्हणाले, थँक यू, पण मास्टर्स घेऊन मी जाते.

गाइडने मान हलवली. मग कपाळ चोळत म्हणाले, की जाण्याआधी पंपाची सेटिंग्ज तेवढी लिहून ठेवशील का, ऑगस्टमध्ये एक नवी विद्यार्थिनी येत्येय, तिला उपयोग होईल. मी घड्याळ बघितलं. सात वर्षांची माझी जागा अकरा मिनिटांत भरली गेली होती.

खाली गाडीत बसले आणि हे सगळं काकांना सांगितलं. फेलोशिपचं सांगितलं, युरोपचं, नव्या विद्यार्थिनीचं. मला वाटलं, आता आपली पाठ थोपटली जाणार, निदान गणिताचा एखादा धडा तरी ऐकावा लागणार. त्यांनी गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ते समोरच्या पार्किंगच्या भिंतीकडे बघत होते.

"मी असतो तर बसलो असतो," ते म्हणाले.

मला वाटलं ते गंमत करताहेत. मग आठवलं की त्यांना ती येत नाही.

ते सांगू लागले. त्यांना शाळेत गणित शिकवायचं होतं. इथेच, न्यू जर्सीत, साध्या सरकारी शाळेत. चाळिसाव्या वर्षी संध्याकाळचे वर्ग करून त्यांनी शिक्षकाचं लायसन्ससुद्धा काढलं. एका शाळेने बोलावलंही. रस्ते खात्याचा राजीनामा लिहून तयार होता, टाइप काकूंनी केला होता. त्या डिसेंबरात साहेबांनी खिडकीजवळची जागा दिली, म्हणून वर्षभर थांबू म्हणाले. पुढच्या वर्षी पगार वाढला. त्याच्या पुढच्या वर्षी पार्किंगमध्ये नावाची पाटी लागली.

"पत्र तेच होतं," काका म्हणाले. "दर जानेवारीत ती विचारायची, तारीख बदलून देऊ का. मी म्हणायचो, दे. बारा वर्षं तिने दिली बदलून."

"आणि मग?"

"मग एका जानेवारीत तिने विचारलं नाही."

घरी यायला चाळीस मिनिटं लागली. एरवी मला प्रत्येक माणसावर टाकायला एक टोमणा तयार असतो, त्या चाळीस मिनिटांत एकही सुचला नाही. तळघरात नव्व्याण्णव मार्क मिळवणाऱ्यांना नापास करणारा हा माणूस, त्याला मी सात वर्षं विक्षिप्त म्हातारा समजत होते. मला त्याची दया आली, आणि दया आल्याची लाज वाटली.

दार काकूंनी उघडलं. हाताला कणीक लागलेली होती. त्यांनी काकांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "उठलीस?"

मी हो म्हणाले. काकूंनी कणकेच्या हातांनीच मला जवळ घेतलं आणि रडायला लागल्या, अगदी हुंदके देऊन. काका बूट काढायला म्हणून खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. काकू माझ्यासाठी रडत होत्या असं काही मला वाटत नाही. मी मात्र दारातून हलले नाही, त्यांना हवं तितकं रडू दिलं.